भावाच्या पानावरचा काढा

आमच्या घरी गेलेल्या माणसाचं पान वाढलं की दार लोटून घेतात. कडी लावत नाहीत, नुसतं लोटतात. घरातली माणसं बाहेर ओट्यावर बसतात. कुणी बोलत नाही आणि कुणी आत डोकावत नाही. अर्ध्या तासानं दार उघडायचं आणि ते पान घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं बसून संपवायचं. कावळ्याचा घास वेगळा, तो आधीच पत्र्यावर ठेवलेला असतो. हे पान टाकायचं नसतं, आणि वाढताना हात आखडायचा नसतो. त्याला जे जे आवडायचं ते सगळं ठेवायचं, आणि तो घ्यायचा त्याहून थोडं जास्तच.

माझा भाऊ पौष वद्य सप्तमीला गेला. वय एक्केचाळीस. कुरकुंभच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. दुपारच्या पाळीत चहा घ्यायला गेटबाहेरच्या टपरीपर्यंत चालत गेला, बाकावर बसला आणि तिथेच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. हृदयविकार, असं कागदावर आहे. त्याचं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. तो आणि आई दौंडला, रेल्वेच्या रुळांमागे वडिलांनी नोकरीत असताना बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात राहायचे. मी शिरूरला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि एकटी राहते.

एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. त्या दिवशी सव्वाचारच्या सुमाराला त्याचा फोन आला होता. आमच्याकडे पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती. मी कपाटासमोर शिडीवर उभी होते आणि फोन खाली टेबलावर थरथरत होता. त्याचं नाव मला वरून दिसलं. मी उतरले नाही. गेलं वर्षभर त्याचे फोन लांबत असत. मन लागत नाही, झोप नाही, ताई तू काहीतरी वाचलं असशील यावर, असं तो म्हणायचा. संध्याकाळी निवांत करू, असं मी ठरवलं. संध्याकाळी फोन आला तो त्याच्या कारखान्यातून.

त्याचा स्वतःचा फोन कुलूपबंद होता. तो कुणाला उघडता आला नाही. चार्जिंग संपून तो ड्रॉवरमध्ये पडला होता.

आईनं पौषापासून बोलणं जवळजवळ सोडलं होतं. विचारलं तर हं, नाहीतर तेही नाही. डॉक्टरांनी तिच्या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांत मनासाठी आणखी एक गोळी घातली. चार वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झालेली आहे. शेजारच्या मामी दोन वेळा डोकावून जायच्या. मी शनिवारी एसटीनं घोड आणि भीमा या नद्या ओलांडून दौंडला यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. दर महिन्याच्या वद्य सप्तमीला रजा काढून पान वाढायचे. माघात वाढलं, फाल्गुनात वाढलं. दोन्ही वेळा आई त्या पानासमोर बसली आणि दगड गिळावेत तसे घास गिळत राहिली.

चैत्रातल्या सप्तमीला मी स्वयंपाक करत असताना ती आपणहून गॅसपाशी आली. महिनाभरात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली.

"त्येचा काढा ऱ्हायला."

"कुठला काढा?"

"सकाळचा प्यायचा न्हाई का? आल्याचं पाणी करायचा, लिंबू पिळायचा, आन् त्या काळ्या झाकणाच्या बाटलीतलं घालायचा. वर फळीवर हाय बघ, डब्याच्या मागं."

बाटली सापडली. आत तपकिरी पूड होती, लेबल नव्हतं. वास जुन्या पुस्तकाच्या कोपऱ्यासारखा, दमट आणि मातीचा. अश्वगंधा असावी असं मला वाटलं. कारखान्यातली माणसं अशी चूर्णं एकमेकांना देतात. मी आल्याचं पाणी उकळलं आणि चमच्याच्या टोकावर थोडी पूड घेतली.

"आगं, चिमटीनं काय घालतीस? त्येच्या पानावर तरी कंजूषपणा करू नगंस," आई म्हणाली.

मी चमचा भरून घातली, शीग धरून. पेला भरला तरी पातेल्यात दोन घोट उरले. उरलेलं मोरीत ओतायचं नाही म्हणून मी ते पिऊन टाकलं. चव कडसर होती, आल्यानं झाकलेली.

पान वाढलं, दार लोटलं, आम्ही ओट्यावर बसलो. अर्ध्या तासानं आई आत गेली आणि पानावर बसली. तिनं काढा आधी प्यायला, मग भरल्या वांग्याचे दोन घास खाल्ले, आणि बाकीचं जरा वेळानं खाते म्हणून भिंतीला टेकली. मी भांडी घासायला घेतली.

साधारण तासाभरानं मला पहिल्यांदा काहीतरी निराळं वाटलं. काय, ते नीट सांगता येत नाही. बाहेर भर दुपार होती. पत्र्याच्या पागोळीवरचं ऊन रोजचंच होतं, पण त्याच्या कडा जरा जास्त ठळक होत्या, कुणी पेन्सिलीनं गिरवल्यासारख्या. भिंतीवरच्या कॅलेंडरातले चौकोन सरळ होते. तरी मला सारखं वाटत होतं की मी नजर वळवली की ते हलतात आणि पुन्हा बघितलं की जागेवर येऊन बसतात. उन्हाचा त्रास, उपास, असं मी मनाशी म्हणाले. मग मागच्या बाजूला मोटारसायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. त्याची गाडी स्टँडवर घेताना दोनदा खडखडायची, तसाच दोनदा. मी मागचं दार उघडून पाहिलं. अंगणात गाडी नव्हती. ती तर आम्ही माघातच विकली होती.

मी दारातच उभी असताना आत आई हसली.

मी आत गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, आणि तिची नजर समोरच्या रिकाम्या दिवाणावर होती. डोळे मोठे झाले होते, काळे आणि ओले. चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता असा मोकळा होता.

"किती वाढवलेस रं केस," ती दिवाणाला म्हणाली. "तिथं न्हावी न्हाई का कुणी?"

मी हाक मारली. तिनं मला हातानं गप्प केलं, पाहुणा बोलत असताना करावं तसं. मग ती ऐकू लागली. ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे बारीक बारीक बदल होतात ते सगळे होत होते. भुवया उचलल्या जात होत्या, मान हलत होती, मध्येच हुंकार. रुळावरून मालगाडी जाऊ लागली. आमच्याकडे गाडी आली की माणसं वाक्य अर्धं सोडून थांबतात आणि शेवटचा डबा गेला की तिथूनच पुढे सुरू करतात. आई थांबली. तिचं ऐकणंही थांबलं. मला खात्री आहे की समोर बसलेलं जे काही होतं तेही गाडी जाईपर्यंत थांबलं होतं. मग डबे संपले आणि आईची मान पुन्हा हलू लागली.

मी तिच्याजवळ खाली बसले आणि मनगट धरलं. नाडी भरभर पळत होती. दिवाणावर काही नव्हतं. चादरीला मात्र मध्ये एक खळगा होता. तो आधीपासून असणार, मी पाहिला नसेन.

तेव्हा आईचा आवाज मला अगदी कानाशी ऐकू आला. "त्यो म्हंतुय, ताईला सांग. त्या दिवशी फोन उचलला न्हाई म्हणून मनाला लावून घिऊ नगंस. म्या सहजच केला व्हता."

फोनचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती दिवाणाकडे बघून हसत होती. मी काही विचारलं नाही. विचारण्याचा धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचारायची गरजही वाटली नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी पोटातून रडले.

दिवस कलल्यावर आई थकली, तिला एकदा उलटी झाली आणि ती झोपली. दुसऱ्या दिवशी उठली ती निराळीच. डोक्याला तेल लावून वेणी घातली, चहाबरोबर स्वतःहून दोन खाऱ्या घेतल्या, मामींना ओट्यावर बोलावून त्यांच्या सुनेची चौकशी केली. मी निघताना म्हणाली, "आला व्हता. चपला भाईर काढल्या त्यानं. पायाकडं म्या बघितलं न्हाई, बघू न्हाई म्हंतात. भूक लागली म्हणाला. पुढच्या सप्तमीला येतो म्हणालाय. काढा ठिवायचा."

एसटी इनामगावच्या अंगानं जाते. तिथल्या उत्खननाबद्दल मी खूप वाचलेलं आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथली माणसं आपली मेलेली माणसं घराच्याच जमिनीखाली पुरत, आणि मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडत. ती उठून कुठे जाऊ नयेत म्हणून असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. इतकी वर्षं हे मला भीतीतून आलेलं वाटत होतं. त्या दिवशी खिडकीतून घोड नदीचा काठ सरकताना वाटलं, भीती कशाला? ठेवून घ्यायचं असेल. ती पायांच्या खाली, चुलीच्या जवळ राहावीत म्हणून.

अडीच आठवडे मी आईसारखीच हलकी होते. मग एका सोमवारी रात्री त्याच्या पुस्तकांची पिशवी उघडली. ती मी पौषातच शिरूरला आणून ठेवली होती. दोन स्पर्धा परीक्षांची पुस्तकं होती, योगासनांचं एक होतं आणि एक दोनशे पानी वही. वहीत तारखा होत्या, आणि प्रत्येकीपुढे त्याच्या बारीक अक्षरात एक-दोन ओळी.

"आज घेतली. फरक नाही."

"आज नाही."

"आज नाही."

"आज घेतली. पत्र्यावरचं ऊन बघत बसलो. छान वाटलं. गाडी चुकली."

असं पानामागून पान. एक दिवस घ्यायचं, दोन दिवस सोडायचे. एका ठिकाणी होतं, "आज घेतली नाही तरी बरं वाटलं. मग कशाला घेतो?" आणखी एके ठिकाणी, "छातीत धडधड. चहामुळे असेल." आतल्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून चौकट केली होती: काळ्या झाकणाची बाटली, सायलोसायबिन. मायक्रो म्हणजे मायक्रोच. काट्यावर मोजल्याशिवाय नाही. आईच्या हाताला लागू द्यायची नाही.

शेवटची नोंद जाण्याच्या आदल्या दिवशीची होती. "आज नाही. उद्या ताईला सगळं सांगतो."

वही मी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा तेच होतं. काट्यावर मोजून घ्यायची वस्तू मी शीग भरून आईला पाजली होती. लगेच तिला फोन लावला.

"आई, तो काढा प्यालीस का परत?"

"तिथीबिगर कसा पिऊ? येडी का खुळी तू?"

सप्तमीला अजून अकरा दिवस होते.

त्याच्या पाळीतला एक मित्र दहाव्याला नदीवर आला होता. मुसलमान, दौंडचाच, आणि त्याला सरळ 'भाई' म्हणणारा. त्याला मी स्टेशनबाहेरच्या चहाच्या दुकानात बोलावलं. वही समोर ठेवली तसा तो आधी दाराकडे बघू लागला.

"ताई, हे जाळून टाका."

"आधी काय आहे ते सांगा."

"मशरूम हो. वाळवून पूड केलेली. मायक्रो म्हणायचो आम्ही. तो आणि मी, दोघंच. कुठून यायची ते त्याला एकट्यालाच ठाऊक, मी कधी विचारलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दारू नाही ताई, गांजा नाही. निसर्गाची चीज आहे."

"धोतराही निसर्गाचाच आहे."

तो हसला आणि लगेच त्याला हसल्याची लाज वाटली. "मी दोन महिन्यांत सोडली. मला काही कळेचना. चांगलं वाटायचं ते पुडीनं की आता चांगलं वाटणार म्हणून, अल्ला जाने. एकदा बहुतेक जास्त पडली. पाइपलाइनकडे बघत होतो तर पाइप श्वास घ्यायला लागले. त्या दिवशी हाताखाली सहा माणसं होती. घाबरलो. भाईला म्हटलं, आपल्या कामात हे नको. तो म्हणाला, मला याच्याशिवाय सकाळी उठवत नाही रे."

मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी आईचं सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "चमचाभर? तोबा. भाई नखाएवढी पण घ्यायचा नाही."

कायद्याचं मी शिरूरला विचारलं. ग्रंथालयात वर्तमानपत्रं वाचायला एक वकील येतात. एका ओळखीच्यांच्या घरी अशी बाटली निघाली आहे, असं मी म्हणाले.

"ओळखीच्यांच्या," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "मॅडम, त्यातलं द्रव्य अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. आख्खं भूछत्र त्यात धरायचं की नाही यावर कोर्टात वाद घालता येतो. पण वाद घालायला आधी आत जावं लागतं."

"ज्याची होती तो माणूस वारला आहे."

"बाटली वारली नाही ना? ज्याच्या घरात सापडेल त्यानं उत्तर द्यायचं. थोडी आहे, औषध म्हणून घेत होता, हे सगळं नंतरचं. ओळखीच्यांना म्हणावं, घरात ठेवू नका, कुणाला देऊ नका, आणि माझ्यासारख्याला सांगत तर मुळीच फिरू नका." एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

डॉक्टरांना मात्र मी सगळं खरं सांगितलं. ते आईचे जुने डॉक्टर. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी तुम्ही दोघी वाचलात असंच म्हणायचं. काही तास नाडी आणि रक्तदाब वाढतो. तरण्या माणसाला ते झेपतं. यांच्या नळीत स्टेंट आहे, वय अडुसष्ट. शिवाय वरून मनाची गोळी. दोन्ही एकत्र काय करतील याचा नेम नाही. भ्रमात उठून रुळाकडे चालत गेल्या असत्या तर?"

"पण ती बरी झालीय, डॉक्टर. जेवते. बोलते."

"दिसतंय मला. परदेशांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली यावर काम चाललंय, काही रुग्णांना उपयोग होतो असंही दिसतंय. पण ते काम वेगळं, चैत्रातल्या नैवेद्यात घालणं वेगळं. आणि हे थोडं थोडं घेण्याचं जे आहे, त्यात औषध किती आणि विश्वास किती, त्याचा निकाल अजून लागलेला नाही."

मी वहीतली धडधडीची ओळ सांगितली. ते म्हणाले, "पुन्हा पुन्हा घेत राहिलं तर हृदयाच्या झडपांचं काय होतं, अशी शंका काहीजण घेतात. ठाम माहीत कुणालाच नाही. तुमच्या भावाचं त्यानं झालं असं मी म्हणणार नाही. त्यानं नाहीच झालं, असंही मला म्हणता येत नाही."

त्याच शनिवारी आई देवळात गेल्यावर मी बाटली काढली. पूड निम्म्याहून जास्त होती. मी ती संडासात ओतली, तीन बादल्या पाणी टाकलं, बाटली फोडून रुळापलीकडच्या कचऱ्यात टाकली. हे पाच मिनिटांचं काम होतं. पण बाटली हातात घेऊन मी त्याआधी कितीतरी वेळ उभी होते. आईसाठी नव्हे. दोन घोटांपुरती ठेवावी, एका कागदाच्या पुडीत, असं मला वाटत होतं. त्याला आणखी एकदा ते वाक्य म्हणू द्यावं. मी तिथे उभी राहून वासही घेतला.

आईला सांगायचं मात्र राहिलं. ती देवळातून आली ती नारळ घेऊन, सप्तमीसाठी. बोलायला तोंड उघडलं आणि मी पाणी मागितलं.

वैशाखातल्या सप्तमीला मी सकाळी पोहोचले. दिवाणावर नवी चादर होती. आईनं इरकली नेसली होती. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात पडली होती आणि फळीवरचे सगळे डबे खाली काढलेले होते.

"बाटली कुठं ठिवलीस गं? सकाळपासनं हुडकतीय."

तिला वेगळा काढा करून द्यावा, सुंठ आणि गूळ घालून, असंही मी वाटेत ठरवलं होतं. मग ती दिवाणासमोर बसून वाट बघत राहिली असती. ते मला बघवलं नसतं.

"आई, तो काढा नव्हता. भूछत्रांची पूड होती."

"भूछत्र म्हंजी? कुत्र्याच्या छत्र्या?"

"तसलीच एक जात. ती पोटात गेली की माणसाला नसलेलं दिसतं. तो मनाला उभारी यावी म्हणून कणभर घ्यायचा. मी तुला चमचाभर दिली."

ती हळूहळू पाटावर बसली. "लेकाच्या नावानं मला कुत्र्याच्या छत्र्या पाजल्यास व्हय? आन् तू शिकलेली. इतकी पुस्तकं राखतीस."

"मला माहीत नव्हतं."

"आता म्हाईत हाय न्हवं? मग घाल आज. कणभर घाल."

"तुझ्या जिवाला धोका आहे. शिवाय ती घरात ठेवणं गुन्हा आहे. मी टाकून दिली, आई."

"कुठं टाकलीस?"

मी सांगितलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"एकदा द्येवानं नेला. आन् दुसऱ्यांदा तू घालवलास."

मी तिथेच उभी होते. मला एवढंच सुचलं की माझंही काही गेलं आहे हे तिला कळावं. "आई, मलाही तो यायला हवा होता गं. फोनचं तो जे बोलला, ते तू सांगितलंस तेव्हापासून मला झोप यायला लागली होती."

"कसला फोन?"

"तूच नाही का म्हणालीस? ताईनं फोन उचलला नाही म्हणून..."

"म्या?" आई माझ्याकडे बघत राहिली. "म्या कवा म्हणाले? केस वाढले म्हणाले, चपलांचं म्हणाले. भूक लागली म्हणाला त्यो. फोनाचं काय बी न्हाई."

ते वाक्य मी आईच्या आवाजात, तिच्याच बोलीत, कानाशी ऐकलं होतं. पातेल्यातले दोन घोट मला आठवले. दोन घोटांत माणसाला एवढंही ऐकू येतं हे वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं. मला माफ करणारं तिथे कुणीच नव्हतं. मी स्वतःलाच माफ केलं होतं, आईचा आवाज घेऊन.

"कुठला फोन उचलला न्हाईस तू?" आईनं पुन्हा विचारलं.

मी सांगितलं. सव्वाचार, शिडी, टेबल, त्याचं नाव दिसलं ते. संध्याकाळी करू म्हटलं ते. वहीतली शेवटची ओळही सांगितली, कारण आता काही मागे ठेवण्यात अर्थ नव्हता.

ती उठली, वांगी निथळली आणि मसाला भरायला बसली. आम्ही दोघींनी मिळून स्वयंपाक केला. तिनं स्वतः पान वाढलं, सढळ हातानं, पेल्यात नुसतं आल्याचं पाणी. दार लोटलं. ओट्यावर आम्ही हातभर अंतर सोडून बसलो. आत अगदी शांत होतं. एकदा भांड्याचा बारीक आवाज झाला. मी आईकडे पाहिलं नाही आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही, पण मामींचं येतं कधी कधी.

अर्ध्या तासानं आईनं दार ढकललं. पान होतं तसं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, मग बाजूला झाली.

"बस."

"मी कशी बसू? मोठं माणूस तू आहेस."

"बस म्हंते न्हवं."

मी बसले. ती समोर, दिवाणाच्या कडेला बसली आणि मी खाताना माझ्या तोंडाकडे बघत राहिली. भाकरी गार झाली होती. मी वांगं खाल्लं, भात खाल्ला, पेला रिकामा केला. मध्येच वर पाहिलं तर तिची नजर हललेली नव्हती. ती मला बघते आहे की माझ्या जागी दुसऱ्या कुणाला, ते मला कळेना, आणि तो चमचाभर पुडीचा परिणाम म्हणावा तर पूड आता नव्हती. शेवटचा घास गेल्यावर मी हात आखडला.

"आणखी वाढू?" आईनं विचारलं.

त्या पानावर आमच्याकडे दुसऱ्यांदा वाढत नाहीत. हे तिनंच मला शिकवलेलं.

मी पान पुढे सरकवलं.